कोणाचंबाईंचा ओटा

बाईंना आमच्या इस्पितळात कोणी त्यांच्या नावानं ओळखत नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे. 'कोणाचंबाई' हे नाव मी ठेवलं. फार चांगल्या मनानं ठेवलं असंही नाही. मी तळघरातल्या धुलाई विभागाचा मुकादम. दिवसाला अडीच हजार चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे हिरवे झगे माझ्या नजरेखालून जातात, आणि तीस वर्षं वाफेत उभं राहून माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा माझा झालेला आहे. वरच्या मजल्यांवरून कोणी वही घेऊन खाली आलं की माझ्या कपाळाला आठी पडते. वही घेऊन आलेला माणूस कपडे धुवायला आलेला नसतो.

बाई वही घेऊन आल्या नाहीत. घडीचं स्टूल घेऊन आल्या.

त्याआधी काय घडलं ते सांगायला हवं. तेव्हा इस्पितळातली सगळी माहिती तिसऱ्या मजल्यावर जायची. तिथं माहिती विभाग. पाच माणसं आणि खूप थंड हवा. प्रत्येक विभागानं आपले तक्ते रोज वर पाठवायचे, वरच्यांनी ते एकत्र करून त्यांच्या मते दुरुस्त करायचे, आणि आपल्याला काही विचारायचं असलं तर अर्ज करायचा. येत्या सोमवारी किती चादरी लागतील, असा अर्ज मी एकदा केला होता. उत्तर अठरा दिवसांनी आलं. तोवर दोन सोमवार येऊन गेले होते आणि तिसरा दारात उभा होता. बाई त्या पाच जणांतल्या सगळ्यात हुशार. बाकीचे चौघेही हे मान्य करायचे, आणि चार सहकाऱ्यांचं असं एकमत मी दुसरं पाहिलेलं नाही.

एका सकाळी चौथ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरला चादरींचे चाळीस गठ्ठे कमी पडले. तिसऱ्या मजल्याच्या कागदावर ते होते, कपाटात नव्हते. एका म्हाताऱ्या गृहस्थांचं ऑपरेशन पुढं ढकललं. बाई तक्रार ऐकायला वर गेल्या होत्या, परत येताना त्याच लिफ्टमध्ये ते गृहस्थ होते. चाकाच्या खुर्चीत, मांडीवर चपला धरून. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हतं. त्यांची बायको त्यांना म्हणत होती, "अहो, आता खाल्लं तरी चालेल तुम्हाला." बाईंना तिसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं. त्या उतरल्या नाहीत. थेट तळघरात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मुकादम, तुमच्याकडे चादर तयार म्हणजे काय?"

"तयार म्हणजे तयार," मी म्हटलं. "धुतली, वाळवली, इस्त्री केली, घडी घातली."

मग त्या पुन्हा वर जाऊन थिएटरच्या सिस्टरला तेच विचारून आल्या. तिच्याकडे तयार म्हणजे निर्जंतुक केलेली, गठ्ठ्यात बांधून वर तारीख घातलेली. तिसरा मजला कित्येक वर्षं या दोन 'तयार'ची बेरीज करत होता. एकाच शब्दाची बेरीज करायला कोणाला भीती वाटणार? आणि ती बेरीज बाईंनीच बसवून दिलेली होती. दुसऱ्या दिवशी त्या संचालकांकडे, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "बेरीज माझी होती." कोणी विचारलेलंही नव्हतं.

त्याच भेटीत त्यांनी साहेबांना सांगितलं की तिसऱ्या मजल्यावर बसून चादरीचं 'तयार' कोणाला कळणं शक्य नाही. ज्याचं काम त्याच्याकडेच त्याचे तक्ते राहू द्यावेत. साहेब म्हणाले, "धुलाईवाल्यांच्या हातात आकडे देणार?" बाई म्हणाल्या, "आकडे त्यांच्याच हातातून येतात, साहेब." साहेबांना ते पटलं नाही, पण बाईंचा शब्द मोडवेना. "सहा महिने देतो," ते म्हणाले. "त्यात एक मोठा घोळ झाला, की सगळं परत तिसऱ्या मजल्यावर. मग हा विषय पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही."

हे मला मागाहून कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक बाई घडीचं स्टूल घेऊन माझ्या विभागात येऊन बसली आहे. अकरा दिवस बसल्या. चष्म्यावर वाफ धरायची, तो स्वेटरच्या टोकाला पुसायच्या आणि पुन्हा बघत राहायच्या. ओली चादर किती जड असते ते त्यांनी स्वतः उचलून पाहिलं आणि दोन दिवस पाठ धरून चालल्या. मी मनात म्हटलं, बरी अद्दल घडली.

बाराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी एक प्लॅटफॉर्म बांधणार आहे."

"कुठल्या गाडीचा?" मी विचारलं.

इस्त्रीवाल्या मावशी खुदकन हसल्या. बाईही हसल्या. "फलाट नव्हे हो. ओटा समजा, स्वयंपाकघरातला. ओटा मी बांधून देणार. नळ, शेगडी, झाकणं, काही उतू जायला लागलं तर वाजणारी शिट्टी, सगळं मी देणार. स्वयंपाक तुमचा. काय शिजवायचं, मीठ किती घालायचं, कधी वाढायचं, ते तुम्ही ठरवा. मी तुमच्या भांड्यात चमचा घालणार नाही."

"आणि करपलं तर?"

"तर तेही तुमचंच."

हे शेवटचं मला मुळीच आवडलं नाही. पण 'ओटा' हे नाव त्या दिवसापासून जे चिकटलं ते चिकटलंच. साहेबांच्या पत्रातसुद्धा आता ओटाच लिहितात.

ओट्याचं काम असं चालायचं. आम्हाला एक संगणक मिळाला, वाफेपासून वाचवायला त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण. आमचे तक्ते आम्हीच त्यात भरायचे, आणि ज्याला हवे त्यानं, मग तो कुठल्याही मजल्यावरचा असो, बसल्या जागी बघायचे. अर्ज नाही, काही नाही. फक्त प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर चार ओळी लिहायच्या. हा तक्ता कशाचा, त्यातल्या शब्दांचा अर्थ काय, रोज किती वाजता ताजा होतो, आणि मालक कोण. चौथी ओळ भरल्याशिवाय ओटा पुढं सरकायचाच नाही.

इथं पहिली गंमत झाली. बाईंनी इस्त्रीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, इस्त्रीच्या तक्त्याचे मालक कोण?"

मावशी चक्क लाजल्या. "मालक घरी झोपलेत," त्या म्हणाल्या. "रात्रपाळी होती ना त्यांची."

आम्ही पोट धरून हसलो. बाईंनी मात्र त्याच संध्याकाळी सगळ्या इस्पितळातून तो शब्द काढून टाकला. 'मालक' गेलं आणि त्या जागी 'हे कोणाचं?' आलं. त्यांचं म्हणणं, ज्या शब्दानं मावशींना नवरा आठवतो, त्या शब्दानं मावशींना इस्त्रीचा तक्ता आपला कसा वाटेल? हे मला पटलं. पण मग त्या मजल्यामजल्यावर फिरून बालवाडीतल्या बाई सापडलेला रुमाल वर धरून विचारतात तसं "हे कोणाचं? हे कोणाचं?" करायला लागल्या, तेव्हा मी ते नाव ठेवून दिलं. आठवड्यात चारही मजल्यांवर पोचलं. बाईंना कळलं तेव्हा म्हणाल्या, "नाव कोणी ठेवलं?" मी इकडंतिकडं बघितलं.

माझ्या तक्त्याच्या चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं, 'सगळ्यांचं'. वाटलं, जरा मोठ्या मनाचं दिसेल. अर्ध्या तासात बाई खाली हजर.

"मुकादम, हे 'सगळे' कुठं बसतात? मला भेटायचंय."

"म्हणजे?"

"चादरींचा आकडा चुकला तर फोन कोणाला करायचा? सगळ्यांना?"

मी मुकाट्यानं 'सगळ्यांचं' खोडलं आणि 'धुलाई मुकादम' असं टंकलं. हजेरीपट सोडला तर तीस वर्षांत मला कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. उगाच दोनदा वाचलं.

त्यानंतरचे चार महिने मी कधी विसरणार नाही. सोमवारी किती चादरी लागतील हे मी वॉर्डांचे तक्ते बघून पाच मिनिटांत स्वतः काढायला लागलो. स्वयंपाकघराच्या प्रमुखानं कुठल्या वॉर्डातून किती ताटं न खाता परत येतात याचा तक्ता केला आणि दोन वॉर्डांची जेवणाची वेळ बदलून घेतली. आणि रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरांनी, ज्यांना तिसऱ्या मजल्यानं जन्मात काही विचारलं नव्हतं, त्यांनी कुठली लिफ्ट बंद आहे याचा तक्ता केला. सगळ्या इस्पितळात सगळ्यात जास्त पाहिला जाणारा तक्ता तोच. बाईंना हे कधी सुचलंच नसतं, असं त्या स्वतः सांगत फिरायच्या. एवढा आनंद मी दुसऱ्या कोणाला दुसऱ्याच्या हुशारीचा झालेला पाहिला नाही.

मला त्यांचं खरं कौतुक वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. मी माझा तक्ता वेड्यासारखा मांडला होता. उभ्याचं आडवं, आडव्याचं उभं. बाई शेजारी स्टुलावर बसून बघायच्या. त्यांना दोन मिनिटांत तो सरळ करता आला असता. बोटं स्वेटरच्या बटणाशी चाळा करत राहायची, पण कीबोर्डला एकदाही हात लावला नाही. मी विचारलं तरच सांगायच्या, आणि विचारलं तेवढंच. ज्याला येतं त्यानं हात आवरून बसणं किती अवघड असतं ते मला विचारा. कोणी चादरीची घडी वाकडी घातली की मी तिच्या हातातून ओढून घेतो.

एकदा त्या तापानं घरी होत्या, म्हणून मावशी आणि मी बघायला गेलो. दोन खोल्यांचं घर, नवरा शाळेतल्या प्रयोगशाळेत मदतनीस. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक फळा होता. आम्ही बसलो होतो तेवढ्यात त्यांच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, भिंतीला धरून उठल्या, गोळी घेतली आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या. हात असा थरथरत होता की एक खूण करायला पुरतं मिनिट लागलं. मी उठायला लागलो, तर अंथरुणातून बाईंनी मला हातानं खाली बसवलं.

सासूबाईंनीच मग सांगितलं. मागल्या वर्षी मुलाला वाटलं गोळी सुनेनं दिली, सुनेला वाटलं मुलानं दिली, आणि म्हातारी दोन दिवस बिनगोळीची. "आता माझ्या गोळ्या आणि माझा खडू," सासूबाई म्हणाल्या. "ही नुसती बघत बसते. जीव वरखाली होतो हो तिचा." बाई भिंतीकडं तोंड करून हसल्या.

पाचव्या महिन्यात मी माती खाल्ली.

नवा ड्रायर आला होता, दुप्पट वेगाचा. त्यातून चादरी भराभर निघायच्या आणि घडीच्या टेबलाशी ढीग साचायचा. माझा आकडा मात्र होता तेवढाच, कारण मी घडी घातल्यावर मोजायचो. स्वयंपाकघराचं कौतुक, ड्रायव्हरांचं कौतुक, आणि माझा तक्ता बापुडवाणा. मला चैन पडेना. एके दिवशी मी ड्रायरमधून निघालेल्या चादरीच 'तयार'मध्ये मोजायला लागलो. वरची अर्थाची ओळ मात्र तशीच ठेवली, इस्त्री केलेली, घडी घातलेली. घडी घालताना फाटक्या आणि डागाळलेल्या चादरी बाजूला पडतात, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. ज्या शब्दानं बाईंना तळघरात आणलं, त्याच शब्दाशी मी खेळलो.

त्या गुरुवारी बसच्या अपघातातले जखमी आले. मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनं माझा तक्ता पाहिला. दोनशे दहा तयार. त्या विश्वासावर तिनं आपल्या कपाटातल्या राखीव चादरी अपघात विभागाला देऊन टाकल्या. दुपारी खाटा बदलायची वेळ झाली तेव्हा माझ्याकडून चौऱ्याऐंशी गेल्या, त्या साऱ्या वॉर्डांत वाटायच्या. बाकीच्या ढिगात पडलेल्या. अकरा मुलं दोन तास उघड्या रेक्झिनवर होती. त्यांतली एक मुलगी भाजलेली होती. रेक्झिन अंगाला चिकटायचं म्हणून तिची आई तिला दोन तास मांडीवर घेऊन बसली, अंगाला कुठं हात लावावा ते न कळून तळहात हवेत धरून. चादरी घेऊन मीच वर गेलो होतो. मी ते पाहिलं.

सिस्टरनं आधीच फोन केला होता. "मुकादम, तुमच्या दोनशे दहा कुठं आहेत?" आणि मी, तीस वर्षांचा मुकादम, म्हणालो, "ओट्यानं चुकीचा आकडा दाखवला असेल. मशीनचं काय सांगता येतं?"

संध्याकाळपर्यंत सगळीकडं झालं, ओट्यानं घात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन मी तक्ता गुपचूप पूर्ववत केला. दहा वाजता साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं.

साहेब आवाज न चढवता बोलत होते, ते जास्त वाईट. "बाई, मी म्हटलं होतं, एक मोठा घोळ. तक्ता मुकादमांचा आहे. त्यांनी बरोबर भरला आणि ओट्यानं चुकीचा दाखवला, असं मी ऐकतो. खरं काय?"

बाईंना सगळं माहीत होतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ओटा ठेवतो, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्यांच्यासमोर फाईल होती. उघडून एक कागद पुढं सरकवला असता तर ओटा वाचला असता आणि त्याही सुटल्या असत्या. त्यांची बोटं स्वेटरच्या बटणाशी गेली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तक्ता ज्यांचा आहे त्यांना विचारा."

माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मला कळलं की मी गप्प बसलो तर या बाई इथून उठून तिसऱ्या मजल्यावर जातील, सगळे तक्ते परत वर नेतील, आणि तरी ती फाईल उघडणार नाहीत. खडू माझ्या हातात होता.

"माझं आहे," मी उभं राहून म्हटलं. "ओट्यानं भरलं तेच दाखवलं. घडी न घातलेल्या, फाटक्या सगळ्या मी तयार म्हणून मोजल्या. आकडा मोठा दिसावा म्हणून. आणि काल सिस्टरशी खोटं बोललो."

साहेब म्हणाले, "मग माझा मुद्दा सिद्धच झाला. धुलाईवाल्यांच्या हातात आकडे दिले की हे होतं."

उत्तर दिलं ते मोठ्या सिस्टरनं, आणि माझ्याकडं असं बघत की मी अजून तिच्यासमोर नीट उभा राहू शकत नाही. "साहेब, मागं थिएटरचे गठ्ठे कमी पडले तेव्हा ती बेरीज किती वर्षं चुकत होती ते अजून कोणाला माहीत नाही. काल मला मिनिटाभरात कळलं की कोणाला शिव्या घालायच्या."

"घातल्या का मग?"

"अजून नाही. आत्ता बाहेर गेल्यावर घालणार आहे."

साहेबांच्या तोंडावर हसू आलं ते त्यांनी खोकून झाकलं. मग मला विचारलं, "दुरुस्त कोण करणार?"

"सकाळी केलं. आता 'वाळलेल्या' वेगळ्या लिहितोय आणि 'तयार' वेगळ्या. घडीच्या टेबलाला अजून दोघी हव्यात, ते मात्र तुमच्या हातात आहे."

मला मेमो मिळाला. टेबलाला दोघी मिळाल्या. तक्ते जिथं होते तिथंच राहिले. सिस्टरनं शब्द पाळला आणि व्हरांड्यात मला अशी झाडली की लिफ्टमधले लोक न उतरता ऐकत थांबले.

नंतर बाई मला जिन्यात भेटल्या. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग सांगितलं का नाही? ओटा गेला असता ना."

"मी सांगितलं असतं, तर उद्यापासून त्या चौथ्या ओळीत कोणी स्वतःला लिहिलं असतं का?" त्या म्हणाल्या, आणि लगेच, "चहा घेणार?" चहात त्यांनी दोनदा साखर घातली आणि कप तसाच ठेवून दिला. तेव्हा मला समजलं की त्या खोलीत माझ्याइतक्याच त्याही घाबरलेल्या होत्या.

सहा महिने संपले, आणि नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळानं तसाच ओटा बांधायला बाईंना मागून घेतलं. गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "काही अडलं का हो माझ्यावाचून?"

मी आठवून पाहिलं. खरंच काही अडलं नव्हतं. कोणाला त्यांची आठवण काढायची गरजच पडली नव्हती. खोटं बोलण्याची हौस माझी फिटलेली होती, म्हणून म्हटलं, "नाही बाई. काहीच नाही अडलं."

मग त्या म्हणाल्या, "मग झालं तर." आवाज आनंदी होता, आणि तरी त्यांनी फोन लगेच ठेवला नाही. इतकं मन लावून कोणी स्वतःची गरज संपवताना मी पाहिलेलं नाही.

परवा भांडारातला माणूस यादी घेऊन सामानाच्या तपासणीला आला. एकेका वस्तूवर पेन्सिल टेकवून विचारत होता. ड्रायर, टोपल्या, टेबलं, संगणक. मी ऐटीत "आमचं, आमचं, आमचं" करत होतो. कोपऱ्यात घडीच्या स्टुलापाशी तो थांबला.

"हे कोणाचं?"

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"बाईंचं," मी म्हटलं. "यादीत घालू नका. त्या न्यायला येणार आहेत."

जिथं अडत नाही तिथं बाई जात नाहीत, हे मला आणि मावशींना दोघांनाही ठाऊक आहे. तो माणूस पुढं गेल्यावर मावशींनी फडकं घेऊन स्टुलावरची वाफ पुसली, आणि पुढची चादर इस्त्रीला घेतली.